माणिकरावांच्या कार्यालयाचा आपोआप रिपोर्ट

…न्हाई न्हाई, तुमीच सांगा, आपोआप म्हणजे काय? तुमच्या-माझ्या मराठीत आपोआप म्हणजे आपण हात बी लावायचा न्हाई अन् काम व्हायचं, हेच ना? का माझंच डोस्कं फिरलंय? कारण त्या व्हिडिओतला पोरगा, दाढी कोरलेली, मागं शोभेचं झाड, असा हात हालवून सांगायला की, 'तुमच्या वेबसाईटचा हिशोब आमच्या टूलला जोडा. एकदा जोडलं की सगळं आपोआप!' अन् मी येडा हिकडं पूर्णेत पंख्याखाली बसून मान हालवायलो. हौ बाबा, बरोबर हाय, आपोआप! लाईट गेली, पंखा थांबला, तरी माझी मान हालायलीच…

तुमाला सांगतो, मी बजरंग. आधी फ्लेक्स छापायचो. वाढदिवस, भावी सरपंच, भावपूर्ण श्रद्धांजली… एकेका माणसाचे तिन्ही बी छापलेत मी. मंग म्हणलं जमाना मोबाईलचा हाय, वेबसाईटचं काम शिकावं. शिकलो. पयलं गिऱ्हाईक कोण, तर ताडकळसचे माणिकराव. त्यायचं मंगल कार्यालय हाय रोडला लागून, लय मोठं. त्यायच्या शब्दावर बियाणाचं दुकान आलं, दाताचा दवाखाना आला, ट्रॅक्टरवाला आला. म्हणजे कसं, माणिकराव हायेत तर धंदा हाय. माणिकराव सुटले की बाकीचे बी सुटले, अन् मी चाललो पुण्याला. मेव्हण्यानं तिथं गोदामात रातपाळीची नोकरी बघूनच ठेवलीय माझ्यासाठी. दर रविवारी फोन. 'दाजी, जागा आजून रिकामीच हाय बरं का!' अरे असू दे की रिकामी! मला न्हाई जायचं पुण्याला! माझी आई हितं, पोरीची शाळा हितं, बापाची सगळी नोकरी पूर्णेच्या ठेसनात गेली, मला रेल्वेची शिट्टी ऐकल्याबिगर झोप येत न्हाई… मी काय करू तिकडं जाऊन?

तर ह्या वर्षी धोंड्याचा महिना आला. धोंड्याच्या महिन्यात लग्न न्हाईत. लग्न न्हाईत म्हणजे कार्यालय रिकामं. अन् कार्यालय रिकामं म्हणजे माणिकराव रिकामे! बाकीच्या महिन्यात माणसाला फोन उचलायला फुरसत नसती, अन् आता मला बोलवून समोर बसवून इचारायलेत, 'बजरंग, आपल्या वेबसाईटवर कोण येतंय रे?'

म्हणलं, 'येतेत मालक, लय येतेत.'

'कोण कोण?'

'नावं न्हाई कळत मालक. आकडा कळतो.'

'नाव कळत न्हाई?' माणिकराव ताठच झाले. 'अरे, माझ्या दारात माणूस येतो अन् नाव न सांगता जातो? कोणत्या गावचा, कोणाचा कोण, नवरीकडला का नवरदेवाकडला… काहीच न्हाई?'

आता मी गप बसावं का न्हाई? पण माणसाला अक्कल दाखवायची हौस असती. म्हणलं, 'मालक, कुठल्या बी वेबसाईटवरनं निम्मे तर आल्या पावली परत जातेत.' झालं! माणिकरावांनी हातातली बशी खाली ठेवली. 'परत जातेत? चहा बी न घेता? बसा म्हणायला कोणी हाय का न्हाई तिथं? तुला कशाला ठेवलंय?' आता वेबसाईटवर मी सतरंजी टाकून बसू का हो? चौघं जण आडवे हात करून उभे करू का, जेवल्याबिगर जायचं न्हाई म्हणून? काय सांगावं त्यायला… मलाच कळंना की चूक कोणाची झाली.

अन् मंग बोलले. 'नांदेडचा एक पोरगा येऊन गेला. त्याच्या गिऱ्हाईकाला दर सोमवारी रंगीत रिपोर्ट येतो म्हणं. तुझ्याच्यानं होत असल तर धोंड्याचा महिना सरायच्या आत रिपोर्ट दाखव. न्हाईतर मी त्याला देतो.' घरी आलो तर प्रियांका, आमची बायको, म्हणती, 'करा की मंग रिपोर्ट. दिवसभर त्या डबड्यापुढं काय करता?' म्हणलं, 'अगं, एकदा जोडलं की आपोआप हाय ते!' ती म्हणली, 'आपोआप हाय तर आजून झालं कसं न्हाई?' बघा, पयल्याच दिवशी तिला कळलं होतं.

टूलवर खातं उघडलं. मोठं हिरवं बटन, 'जोडा'. दाबलं. आता वेबसाईटवर कोण आलं, किती येळ थांबलं, कुठनं आलं, ह्याचा हिशोब ठेवणारं जे असतं, अॅनालिटिक्स, त्याचं नाव आलं. दाबलं. चाक फिरायलं… फिरायलं… आपलं बी डोस्कं त्याच्यासंगं फिरायलं, अन् शेवटी काय, 'तुम्हाला परवानगी नाही. कृपया अॅडमिनशी संपर्क साधा.' अॅडमिन? वेबसाईट मी बघायलोय, फोटो मी टाकायलोय, अन् अॅडमिन कोण? शोधत शोधत गेलो तर, तुमाला सांगतो, अॅडमिन निघाला माणिकरावांचा जावई! महारुद्र. राजेश्रीच्या, म्हणजे त्यायच्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी सासऱ्याला हौसेनं वेबसाईट बनवून दिलती, तवाच हे हिशोबाचं बी स्वतःच्या मेलवर करून ठेवलं अन् गेला संभाजीनगरला कंपनीत. मला काय माहीत!

मी सरळ मनाचा माणूस. गेलो ताडकळसला, म्हणलं, 'मालक, तुमची प्रॉपर्टी जावयाच्या नावावर हाय.'

आता ह्या कंपूटरवाल्यांनी त्याला प्रॉपर्टीच नाव दिलंय, त्याला मी काय करू? माणिकराव उभंच राहिले. आतून केशरबाई, त्यायच्या मालकीणबाई, पदराला हात पुसत बाहेर. 'काय? कोणती? रोडची का मळ्याची?' त्यायला पाणी पाजून, घाम पुसून, वेबसाईटचीच हो, वेबसाईटचीच, असं समजावस्तोर माझा शर्ट भिजला.

म्हणलं, 'फार काही न्हाई मालक. जावयाला एक फोन करा, एवढी परवानगी दे म्हणा. दोन मिन्टाचं काम हाय. मंग एकदा जोडलं की आपोआप!'

माणिकरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यायला कार्यालय झाडायला सांगितलं. 'जावयाला? काम सांगू? मी?' केशरबाई म्हणल्या, 'अन् ते बी धोंड्याच्या महिन्यात? जावई नारायण असतो ह्या महिन्यात!' म्हणलं, 'आवं मालकीणबाई, नारायणालाच तर मागायचंय, दुसरं कोणाला मागू?' पण न्हाई. सासऱ्यानं जावयाला फोन करायचा न्हाई. मंग कसं, तर मी माणिकरावांना सांगायचं, माणिकरावांनी केशरबाईला, केशरबाईनं लेकीला फोनवर, अन् लेकीनं नवऱ्याचा मूड बघून त्याच्या कानावर घालायचं. उत्तर उलट्या वाटंनं. मी म्हणलं अॅडमिननं मला 'व्ह्यूअर', म्हणजे नुसतं बघणारा, करायचं. तिकडनं तीन दिसानं उत्तर काय, 'ते म्हणतेत, बघतो.' बघतो! बघायचं मला होतं! परत पाठवलं. परत उत्तर, 'ते जेवायलेत.' हिकडं मदतीच्या चॅटवर ती मशीन, 'नमस्कार! आपण अॅडमिनशी संपर्क साधला का?' अवं बाई, साधायलो! चार माणसांच्या खांद्यावरून साधायलो!

तुमी म्हणताल, येड्या, नवं खातं उघड की. उघडलं असतं हो! पण नवं उघडलं की हिशोब आजपासून चालू. माणिकरावांना पायजे मागल्या सीझनचं. अन् मागल्या सीझनला कोण आलं, चहा न घेता कोण गेलं, ते सगळं जावयाच्या मेलमधी कुलूपबंद. महिना चालला सरत, मेव्हण्याचा फोन येतच हाय, 'दाजी, जागा…' मी फोनच आपटला.

शेवटी केशरबाई म्हणल्या, 'असं करा बजरंग, धोंडे खायला जावई येणारच हायेत. जेवण झाल्यावर तुमीच सहज इचारा. तुमी परके, तुमाला चालतंय.' परके! बरं, परके तर परके.

जावई आले. पाटावर बसले. सासू-सासऱ्यांनी पाय धुतले, चांदीचा दिवा दिला, अनारसे दिले, कपडे केले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. बाहेर उन्हानं डांबर वितळायलं, आत जावई धोंड्यावर धोंडे हाणायलेत, अन् मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय, बॅटरी किती उरली ते बघत. लाईट न्हाई. जावईबापूंनी ढेकर दिला. केशरबाईनं मला डोळ्यानं खुणावलं. म्हणलं, 'जावईबापू, सहज… ते वेबसाईटचं…' माणूस एकदम चांगला हो! खळखळून हसला. म्हणला, 'अहो, एवढंच ना? मलाच सरळ फोन करायचा की! आणा हिकडं.' मी माणिकरावांकडं बघितलं, माणिकराव आढ्याकडं बघायलेत.

मेल टाकला. पासवर्ड आठवला, चुकला, परत आठवला, लागला! माझ्या जिवात जीव आला. म्हणलं झालं, सुटलो, एकदा जोडलं की… तेवढ्यात काय आलं? 'लय दिसानं आलात. खात्रीसाठी तुमच्या मोबाईलवर कोड पाठवलाय.' जावईबापूंनी स्वतःचा मोबाईल बघितला. कोड न्हाई. परत बघितला. न्हाई. मंग डोक्याला हात लावला. 'आयला… हा मेल कॉलेजातला हाय. तवा माझ्याकडं मोबाईल नव्हता, आईचा नंबर दिलता.'

केशरबाई माणिकरावांकडं बघायल्या! कारण आई म्हणजे कोण? कडूबाई. वालूरच्या. माणिकरावांच्या विहीणबाई. अन् विहीणबाई रुसलेल्या.

फोन लावला. जावयानंच लावला, आवाज मोठा करून मधी ठेवला. 'आई, तुझ्या मोबाईलवर एक आकडा आलाय बघ, तेवढा सांग.' तिकडनं हळू आवाजात, 'जेवलास का?' 'जेवलो.' 'धोंडे केलते?' 'केलते.' 'बरं झालं. लेकाला धोंडे, आईला मोबाईलवर हात जोडलेला फोटो. आवतन म्हणतेत का ह्याला? आमी काय मोबाईलमधी राहतो का? लग्नात बी माझ्या जावंला लुगडं दिलं ते कसलं, धुतलं की पाणी लाल…' जावई मधीच, 'आई, आकडा…' 'अन् तुझ्या मामाला तर फेटाच बांधला न्हाई!' आता त्या कोडाचं आयुष्य किती, दहा मिन्टं. अन् कडूबाईचं गाऱ्हाणं आत्ता कुठं धोंड्यातून लग्नात आलतं. मी लॅपटॉपकडं बघायलो, माणिकराव खाली बघायलेत, केशरबाई पदर तोंडाला लावून. फेट्यावरून गाडी वरमाईच्या पाय धुण्यावर आली अन् कोड मेला. 'तुमचा कोड कालबाह्य झाला आहे.' मला तर रडूच यायलं.

दुसरा पाठवला तर कडूबाई म्हणल्या, 'आकडा आलाय. पण मी सांगणार न्हाई. फोनमधी ती बाई रोज सांगती, कोणालाच सांगू नका. बँकवाला मागितला तरी सांगू नका.' 'अगं आई, मी तुझा लेक हाय!' 'आवाज तर तसाच वाटतोय… पण आजकाल आवाज बी काढतेत.' बोला आता! सख्ख्या आईनं लेकाला वळखायला नकार दिला. अन् शेवटी म्हणल्या, 'एवढंच नडलं असल तर रीतसर न्यायला या. मी येते, माझ्या हातानं टाकते.'

गेले! माणिकराव सोता जीप घेऊन वालूरला गेले. एका आकड्यासाठी, तुमाला सांगतो! जाताना नारळ, पेढे, लुगडं, पक्क्या रंगाचं. मी मागल्या सीटवर, लॅपटॉप छातीशी धरून. महिना सरायला दोन दिवस राहिलते. कडूबाईनं हळदकुंकू घेतलं, लुगड्याचा काठ बोटानं चोळून बघितला, मंग जीपमधी बसल्या. ताडकळसला दुसरी पंगत, परत धोंडे, जावंला वेगळं लुगडं. सगळं झाल्यावर म्हणल्या, 'हं, आणा आता ते काय हाय ते.' कोड पाठवला. मोबाईल वाजला. त्यायनं मोबाईल पदराखाली झाकून आधी चौकडं बघितलं, मला म्हणल्या, 'तू तिकडं तोंड कर.' केलं! माझाच लॅपटॉप, अन् मी भिंतीकडं तोंड करून उभा. टक… लय येळानं परत टक… मी देव आठवायलो. नापास झालो असतो तर पुणे होतं हो! गोदाम होतं! टक… अन् जावई ओरडला, 'लागलं!'

काय सांगू तुमाला! उडी मारली मी. हिरवं बटन दाबलं, जोडलं! पटापटा आकडे यायले, रंगीत चकत्या, रेघा वर-खाली, मागला सगळा सीझन समोर! माणिकराव चष्मा लावून जवळ आले. मला वाटलं आता पाठीवर हात ठेवतील. अन् तेवढ्यात त्या टूलनं शेवटचं इचारलं, 'दर सोमवारी रिपोर्ट कोणाला पाठवायचा?'

मी बोट ठेवून बसलो माणिकरावांचा मेल टाकायला. अन् माणिकराव… आता माणूस रितीचा, समोर विहीण बसलेली, पान वाढताना सुद्धा आधी तिकडं वाढायचं, मंग आपल्याकडं. सवयीनं बोलून गेले, 'आधी विहीणबाईंना!'

आता रीत काय असती? समोरच्यानं म्हणायचं, नगं, तुमीच घ्या. आपण म्हणायचं, न्हाई न्हाई, तुमी. त्यायनं म्हणायचं, असं कसं, तुमीच. असं तिनदा झालं की ज्याचं त्याच्याकडं राहतं. सगळी पंगत वाट बघायली, कडूबाई म्हणतील, नगं. कडूबाई म्हणल्या, 'बरं.'

बरं! म्हणलं, 'मावशी, तुमचा मेल सांगा.' 'मेल-बिल न्हाई बाबा.' 'मंग मोबाईलवर पाठवतो, आपोआप येतोय.' त्यायनं मला असं खालपासून वरपर्यंत बघितलं. 'मोबाईलवर पत्रिका आली तर आमी लग्नाला जात न्हाई. मान माणसानं आणून द्यायचा असतो. दर सोमवारी ना? तू आणून देत जा.' माणिकराव माझ्याकडं बघून मान हालवायलेत. हौ म्हण, हौ म्हण!

म्हणलं, 'हौ.'

तवापासून हे चालूय. सोमवारी पहाटं टूल रिपोर्ट काढतो, रंगीत. मी छापतो, फाईलीत घालतो. पूर्णेहून परभणी, गाडी बदलायची, सेलू, परत बदलायची, वालूर. कडूबाई मावशी ओसरीवर बसतेत, चष्मा लावतेत, चकतीवर बोट ठेवतेत. 'हे कोण?' 'हे आले मावशी.' 'अन् हे?' 'हे आल्या पावली परत गेले.' 'बसा कामून म्हणलं न्हाई त्यायला?' अन् लगेच फोन ताडकळसला. 'ह्या आठवड्यात माणसं कमी आलेत, माणिकराव. आमच्या लेकरानं केलेल्या वेबसाईटीवर तुमचं ध्यान न्हाई.' तिकडं माणिकराव उभं राहून बोलतेत फोनवर, अन् ठेवला की पयला फोन मला. मी एकदा भीत भीत म्हणलं, 'मालक, रिपोर्ट बंदच करून बघू का?' तर माणिकराव असे वरडले, 'खबरदार! माझी लेक नांदायलीय त्या घरात! नांदेडच्या पोराचं नाव काढू नको, तुझं काम कायम!'

म्हणजे धंदा वाचला. पुणे टळलं. मेव्हण्याला सांगितलं, बाबा, जागा दुसऱ्याला दे. प्रियांका म्हणती, 'मंग आता तोंड कामून पाडता?' पाडत न्हाई हो. नुसतं कळंना झालंय. त्या कोरलेल्या दाढीच्या पोराला मी लय शिव्या घातल्या, पण आता वाटतंय तो खोटं न्हाई बोलला. सोमवार उजाडला की गजर लावावा लागत न्हाई, कोणी उठवत न्हाई, कोणी जा म्हणत न्हाई… माझा मीच उठतो, अंघोळ करतो, पिशवी काखंला मारतो, अन् जाऊन वालूरच्या वाटंला लागतो. आपोआप.